नळ्यांचं सोवळं

लालबाग,
१४ सप्टेंबर २०२५

कौसल्ये,

तुला पोटभर आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्यांना माझ्या हातचं तेल पोचलं असं समज. फोन करून काही उपयोग नाही. मागच्या वेळी मी एवढी ओरडले की माझ्या पोटात गॅस धरतो हे अख्ख्या चाळीला कळलं, फक्त तुला नाही कळलं. तुझे कान गेल्यापासून आपलं हे पत्रच बरं. चौथीपर्यंत शिकलेलं कुठेतरी कामाला येतंय.

गणपती गेले. आता रस्त्यात माणसासारखं चालता येतं. मी मसाल्याच्या ऑर्डरी परत धरल्या. हळद काय बोटांवरून जात नाही. दर्शना म्हणते, आजी, तुझी बोटं अंधारात पण दिसतील.

तर मुद्दा दर्शनाचाच आहे. आपल्या वैभवची थोरली, तू बघितलीस तेव्हा दोन वेण्या होत्या. आता केस कापलेत. आयटीआय झाल्यापासून रे रोडला रघुवीरशेठच्या गॅरेजात आहे, लाकडाच्या वखारींच्या मागे. आतापर्यंत तिला साध्या गाड्या द्यायचे, तेल बदल, ब्रेक बघ. मोठ्या, परदेशी गाड्यांची बाजू वेगळी, तिथे दुसरी माणसं. त्यातला एक दुबईला गेला. म्हणून शेठ तिला म्हणाले, "ही तांबडी गाडी तू एकटीने कर. नीट झाली तर ती बाजू तुझी. नाही झाली तर मागे धुण्याच्या रॅम्पवर." तेव्हापासून पोरगी जेवताना पण ताटातून वर बघत नाही.

ती गाडी मी फोनमध्ये बघितली. इटलीची आहे. नाव दोनदा सांगून झालं, जीभ वळत नाही. आपल्या खाटेपेक्षा थोडीशीच उंच. बसायला माणसं दोन. आणि इंजिन पुढे नाही, माणसांच्या पाठीमागे, वर काच लावून ठेवलेलं, देव्हाऱ्यात ठेवतात तसं. रस्त्यावर पळवायची नाही म्हणे, एवढा आवाज आहे की पोलीस धरतील. ट्रकवर चढून शर्यतीच्या मैदानात जाते, तिथे पळते, परत ट्रकवर बसून घरी. पालखीतली गाडी. मालक उन्मेष म्हणून आहे, मूळचा आपल्या ठाकूरद्वारचा, आता परळला टॉवरात राहतो.

काम काय ते मी पोरीकडून तीन संध्याकाळी विचारून घेतलं. इंजिनात आठ चुली. चार ह्या बाजूला, चार त्या. प्रत्येक चुलीचा धूर बाहेर जायला पाहिजे. कंपनीने दिलेला आहे तो बिडाचा जाड तुकडा, त्यात चारही धूर एकदम घुसतात. आपल्या चाळीत सकाळी सातला सार्वजनिक मोरीवर जे होतं ते तिथे होतं. म्हणून तो काढायचा आणि चार वेगळ्या नळ्या बसवायच्या, सगळ्या सारख्या लांबीच्या. मग प्रत्येक धूर आपल्या पाळीने दाराशी येतो, कोण कोणाला ढकलत नाही. इंजिनाला श्वास मोकळा. त्या नळ्यांना हेडर म्हणतात.

आणि गंमत ऐक. त्या नळ्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही. हातमोजे घालायचे. इंजिन चालू करायच्या आधी पुसून घ्यायच्या. मी म्हटलं, म्हणजे सोवळं पाळायचं, गणपतीच्या नैवेद्याला पाळतो तसं. ती जेवता जेवता हसली. म्हणाली, "तसंच समज आजी."

मला ही शिस्त फार आवडली.

तुझी
बकुळा


मिठबाव,
२३ सप्टेंबर

बकुळाअक्का,

इथूनच वाकून नमस्कार करते, गुडघ्यांमुळे अर्धीच वाकले, बाकीचा नमस्कार तू समजून घे.

पत्र दोनदा वाचलं. सुनेला वाचून दाखवलं. तिला कळलं नाही, मला कळलं. पण काय गो अक्का, एक पटत नाही. चार चुली एका ओळीत असतील तर एक दाराजवळ असणार आणि एक लांब. मग नळ्या सारख्या लांबीच्या कशा होतील? जवळच्या चुलीची नळी आखूडच पाहिजे. का त्या इटलीवाल्यांनी काहीतरी थाप मारली? दर्शनाला विचारून कळव, मला ह्या प्रश्नाने झोप नाही.

दुसरं, धूर किती तापतो? भाताच्या पेजेएवढा का जास्त?

तिसरं म्हणजे आवाज. पोलीस धरतील असा आवाज म्हणजे कसा? तू नीट ऐक आणि लिही. मला आता ऐकू येत नाही, पण वाचू येतं. ढोलासारखा, ट्रकसारखा असं लिहू नकोस. ते मला आठवत नाही. मला आठवेल असं लिही.

पोरीला सांग, धाकट्या आजीने नारळ ठेवलाय देवीपुढे. तिला ती बाजू मिळू दे. रॅम्पवर पाणी मारायला काय, आमची म्हैस धुवायला पण माणूस लागतोच, तिथे ये म्हणावं.

कौसल्या


लालबाग,
५ ऑक्टोबर

कौसल्ये,

तुझा नारळ आणि माझा आशीर्वाद दोन्ही मी पोरीला पोचते केले. आणि मी स्वतः गॅरेजात जाऊन आले. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर डोळ्याने बघून, दोऱ्याने मोजून आणलंय.

झालं असं, शेठ दरवर्षी दसऱ्याला सगळ्यांच्या घरच्यांना बोलावतात. पाने, हातोड्या, गाड्या उचलायचा तो लिफ्ट, सगळ्याला झेंडू. मी पहाटे डोक्यावरून आंघोळ केली, धुतलेलं पातळ नेसले आणि टॅक्सीत बसले. गॅरेज म्हटल्यावर मला वाटलं काळं, चिकट असेल. कसलं काय. फरशीवर पोळी लाटावी.

तांबडी वर लिफ्टवर टांगलेली, खालून पोट उघडं. दर्शनाने मला पोटाखाली उभं केलं आणि बॅटरी मारून सगळं दाखवलं. जुने बिडाचे तुकडे बाजूला काढून ठेवलेले, आपल्या जात्यासारखे जड. आणि नव्या नळ्या टेबलावर पांढऱ्या कपड्यावर. बाये, काय त्यांचं रूप. चार-चारच्या दोन जुड्या. केळीतून केळफूल बाहेर यावं तशा वळलेल्या, चांदीसारख्या. मी पदराच्या गाठीतला दोरा काढला आणि हात न लावता मोजल्या. सारख्या. कशा सांगू? जवळच्या चुलीची नळी सरळ दारात जातच नाही. मुद्दाम लांबून वळसा घालून येते. म्हणजे जवळ राहणाऱ्या पोराने पण लांबच्या पोराएवढंच चालून शाळेत यायचं, म्हणजे सगळे घंटेला एकाच हिशोबाने पोचतील. थाप नाही. मला त्या इटलीवाल्यांचं कौतुक वाटलं.

धूर पेजेपेक्षा किती तरी तापतो. नळी लाल होते म्हणे.

मग शेठ फोनवर बोलत बाहेर गेले, दर्शना पेढे वाटायला गेली, आणि मी बघते तर हत्यारांना कुंकू, लिफ्टला कुंकू, शेठच्या गल्ल्याला कुंकू, आणि ह्या नव्या नळ्यांना काहीच नाही. ज्यांच्यावर पोरीचं सगळं अवलंबून, त्याच कोऱ्या. मी म्हटलं, सोवळ्यात शिवायचं आहे ना, मी सोवळ्यातच आहे. तेलात कालवलेलं कुंकू माझ्या डबीत होतंच. प्रत्येक नळीला एकेक बोट लावलं, आठही जणींना. भेदभाव नको.

दर्शना आली. तिने नळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हातातला पेढा माझ्या तोंडात घातला. तिला भरून आलं असणार.

ह्या आठवड्यात इंजिन चालू करणार. आवाज ऐकला की लिहिते.

बकुळा


लालबाग,
१२ ऑक्टोबर

धाकट्या आजीस दर्शनाचा नमस्कार.

मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, चुकलं तर समजून घे. हे पत्र मोठ्या आजीला माहीत नाही. ती तुझी पत्रं मला मोठ्याने वाचून दाखवते, म्हणून आधीच लिहिते.

आजीने तुला दसऱ्याचं कळवलं असेल. त्या नळ्यांना हात का लावायचा नाही, तर बोटांना तेल असतं. पहिल्यांदा इंजिन तापलं की ते तेल स्टीलमध्ये भाजलं जातं आणि डाग कायमचा बसतो. पुसून जात नाही, घासून काढावा लागतो. आजीला मी हे नीट सांगायला हवं होतं. ती सोवळं म्हणाली आणि मी जेवताना हो म्हणून मोकळी झाले. चूक माझी आहे.

मी बसवायच्या आधी पुसलं होतं. पण एक राहून गेलं. इंजिन चालू केलं, सगळं बरोबर होतं, कुठे गळती नाही, काही नाही. नळ्या तापून सोनेरी झाल्या, मग जांभळ्या, मोराच्या पिसासारख्या. आणि एका नळीवर आजीचं बोट काळं उमटलेलं. उन्मेष सरांनी मोबाईलच्या उजेडात बघितलं. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, गाडी पुढच्या महिन्यात प्रदर्शनात ठेवायची आहे, काचेतून हे दिसणार.

शेठनी विचारलं, मी म्हटलं, पुसायचं राहून गेलं. त्यांनी मला रॅम्पवर पाठवलं. गेले काही दिवस मी गाड्या धुते.

आजीला हे कळलं तर ती आयुष्यभर कुठल्या वस्तूला हात लावताना घाबरेल. म्हणून एवढंच मागते, तुझ्या पत्रात गाडीबद्दल काही विचारू नकोस.

तुझी
दर्शना


मिठबाव,
२० ऑक्टोबर

अक्का,

दिवाळीचा अर्धा नमस्कार, नेहमीसारखा.

इथे सगळं ठीक. मांजरीला चार पिल्लं झाली, एक खोबऱ्यासारखं पांढरं. पोफळी बऱ्या आहेत. सुनेने शंकरपाळे केले, माझ्या दाताला लागतात पण मी गप्प खाते. देवळाचं छप्पर बदलायचं ठरलंय, कोणी म्हणतं पत्रा, कोणी म्हणतं कौलं, त्यावरून दोन घरं बोलत नाहीत. हवा छान. मांजरीचं सांगितलं का? चार पिल्लं.

तू मसाला करतेस ना? धने नीट भाज.

गाडीचं काय विचारायचं, गाड्या काय चालतच असतात.

कौसल्या


लालबाग,
२ नोव्हेंबर

कौसल्ये,

तू लहानपणी गूळ चोरून खाल्लास की आईसमोर मांजरीबद्दल बोलायचीस. अजून तेच करतेस. तुझ्या पत्रात मांजर दोनदा आली तेव्हाच मी चष्मा काढून ठेवला. आवाजासाठी जीव टाकणारी बाई "गाड्या काय चालतच असतात" लिहिते, म्हणजे तिला कोणीतरी काहीतरी सांगितलंय.

त्यात दर्शनाचे हात. आधी घरी यायची तर नखात काळं असायचं, मी ओरडायचे. हल्ली नखं पांढरीफट्ट आणि बोटांच्या टोकांना सुरकुत्या, पाण्यात राहून पडतात तशा. विचारलं तर म्हणते, नवीन साबण आहे. मी म्हटलं बरं.

मग धनत्रयोदशीला घेतलेली स्टीलची नवी कढई परवा वापरायला काढली. नेहमीसारखं कुंकवाचं बोट लावलं बाहेरून, गॅसवर चढवली आणि धने टाकले. भाजून उतरवली तर बोट काळं होऊन बसलेलं. राखेने घासलं, काथ्याने घासलं. जाईना. मी मोरीत बसून त्याच्याकडे बघत राहिले, आणि मला आठवलं, मी स्वतःच तुला लिहिलं होतं, नळी लाल होते. लाल होणाऱ्या वस्तूला मी तेलाचं बोट लावून आले होते. हे आंघोळीचं सोवळं नव्हतंच. तेलाचं बोट देवाला चालतं, तापल्या तव्याला नाही.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी केली. शेठ टेबलाशी चहा पीत होते.

मी म्हटलं, "शेठ, त्या नळीवर काही उमटलं असेल तर ते बोट माझं आहे. पोरीला बोलू नका."

"आजी, बसा आधी. पाणी घ्या."

"पाणी नको. मला वाटलं आंघोळ केली की चालतं. आठही नळ्यांना मीच लावलं."

ते ग्लास तसाच धरून राहिले. "आठही?"

"मग काय, एकीला लावून सातजणींना उपाशी ठेवू?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि हाक मारली. दर्शना मागून आली, पायात रबरी बूट, गुडघ्यापर्यंत ओली. मला बघून तिथेच थांबली.

शेठ म्हणाले, "तू मला सांगितलंस, पुसायचं राहून गेलं. आजी म्हणतात आठ होती. सात पुसलीस आणि आठवं तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"नाही पुसलं."

"भाजणार हे माहीत होतं?"

"हो."

"मग का?"

पोरगी फरशीकडे बघत होती. तिथे तिच्या बुटाचं पाणी साचत होतं. म्हणाली, "सात पुसली. आठव्यावर फडकं ठेवलं आणि हात पुढे जाईना. आतल्या बाजूला होतं, वाटलं कोणाला दिसणार नाही."

शेठनी चहाचा कप बाजूला सारला. मग विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आजीला परत आत येऊ दिलं नसतं."

"ते बरोबर आहे," शेठ म्हणाले.

कौसल्ये, मी त्या वेळी काय करावं? रडू येत होतं आणि त्याच वेळी मला ते बोट बघायचं पण होतं. शेठना म्हटलं, दाखवा तरी. त्यांनी मला लिफ्टखाली नेलं. नळ्या खरंच मोराच्या पिसासारख्या झाल्यात. आणि त्यात माझं बोट. सगळ्या रेषा दिसतात. रेशनच्या दुकानातलं यंत्र माझं बोट ओळखत नाही, म्हणतं, घासून गुळगुळीत झालंय, दर महिन्याला वैभवला न्यावं लागतं. आणि ह्या इटलीच्या नळीने एक पण रेघ सोडली नाही. मी तिथेच हसले. शेठ माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते.

तोंड परत वळवलं तेव्हा मात्र साहेब झाले होते. दर्शनाला म्हणाले, "त्या बाजूच्या चारही उतरव. घास, चकचकीत कर, परत बसव. एकटीने. एकदा तापलेले बोल्ट सोडवताना तुटतात, ते तुला माहीत आहे. एक जरी इंजिनात तुटला तर उन्मेषला काय सांगायचं ते तू सांगायचं. आणि ह्या वेळी काही राहून गेलं, तर माझ्याकडे परत येऊ नकोस."

मला ती शिक्षा फार मोठी वाटते. माझ्या बोटापायी पोरीची नोकरी जाईल की काय. काल रात्री जेवली नाही. तू आता मांजरीबद्दल लिहू नकोस.

बकुळा


मिठबाव,
१० नोव्हेंबर

अक्का,

हो, मला माहीत होतं. दर्शनाने गप्प राहायला सांगितलं होतं. मला गप्प राहता येत नाही हे तिला माहीत नव्हतं. पांढरं पिल्लू मात्र खरंच आहे.

तुझं पत्र वाचून मी अंगणात फेऱ्या मारल्या. मग मला एक सुचलं, ते लिहिते. शिक्षा करायची असती तर शेठने ती गाडी दुसऱ्याला दिली असती आणि हिला रॅम्पवर ठेवली असती. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्या हातात कोणी तीच गाडी दुसऱ्यांदा देतं का? आपल्या बाबांनी होडी उलटवणाऱ्याला परत सुकाणू कधी दिलं? एकदाच दिलं, मोठ्या भावाला, कारण पुढे होडी त्यालाच सांभाळायची होती.

पोरीला हे सांग. आणि नाही सांगितलंस तरी चालेल, तिला कळलं असेल. तुला कळलं नव्हतं म्हणून लिहिलं.

बोल्ट तुटू नये म्हणून काय करतात? ते पण विचार.

आणि अक्का, आवाज अजून आला नाही.

कौसल्या


लालबाग,
२३ नोव्हेंबर

कौसल्ये,

आधी बोल्टचं. सात सुटले, एक सुटेना. दर्शनाने पाना लावला, जरा जोर दिला, आणि थांबली. तेल सोडलं आणि घरी आली. मला वाटलं हरली. म्हणाली, "हरले नाही आजी, ह्याला घाई आवडत नाही." सकाळी परत तेल. दुपारी परत. तिसऱ्या दिवशी तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. असं करतात, तुझं उत्तर.

मग घासणं. मी म्हटलं, मी येते, चिंच घेऊन येते, देवाची भांडी मी कशी लखलखीत करते बघ. ती म्हणाली, "आजी, चिंच आणलीस तर मी वखारीत जाऊन लपेन." मग मी नुसती स्टुलावर बसून बघितलं. मोर गेला, चांदी आली. माझं बोट शेवटी गेलं. रेषा एकेक करून गेल्या. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. घरच्या कढईवर आहेच ते, त्यातच भाजी करते.

काल गाडी चालू करायचा दिवस. उन्मेष आला होता, बारीकसा पोरगा, चपला घालून. शेठ हात मागे बांधून उभे. नळ्या बसवून झाल्या. दर्शनाने माझ्याकडे हातमोजे टाकले. निळे, रबरी, माझी बोटं त्यात जाता जाईनात. मग स्पिरिटची बाटली आणि पांढरं फडकं दिलं.

मी म्हटलं, "काय करू?"

"पूजा कर."

"कशी?"

"पूस. आठही."

मी लिफ्टखाली गेले. एकेक नळी वरपासून खालपर्यंत पुसली, वळशावरून, मागून, आतून. जिथे बोट होतं तिथे दोनदा पुसलं. झाल्यावर दर्शनाने बॅटरी मारून प्रत्येक नळी बघितली, मी पुसलेली सुद्धा. मला त्याचा राग आला नाही. उलट म्हटलं, आता ही खरी पाळणारी झाली.

मग उन्मेषने पण बघितलं. त्याला काही मिळालं नाही. त्याने गाडीच्या गिअरबद्दल काहीतरी विचारलं, आणि विचारलं ते शेठना नाही, दर्शनाला. शेठ मध्ये बोलले नाहीत. चहा सांगायला बाहेर गेले. जाताना एका माणसाला म्हणाले, रॅम्पवरचे तिचे बूट काढून टाक, आता कोणाच्या मापाचे नाहीत.

आणि मग तिने गाडी खाली फरशीवर घेतली, आत बसली आणि कळ दाबली.

कौसल्ये, तुला लिहायचं म्हणून मी डोळे मिटून उभी होते. आता तुला आठवेल असं लिहिते. आपल्या गावच्या खडकात घळ आहे बघ, भरतीचं पाणी आत शिरतं ती. आपण दोघी वर खडकावर पोटावर झोपायचो. लाट आत गेली की आधी काही ऐकू यायचं नाही. आधी पोटाखालचा खडक हलायचा. मग छातीत यायचं. मग दातांत. आणि त्यानंतर कानात. तेव्हा तू म्हणायचीस, आता आलं, आणि मी म्हणायचे, मला आधीच आलं होतं.

तो तसा आहे. आठ लाटा, एकामागून एक, कोणी कोणाला ढकलत नाही. मी चप्पल बाहेर काढून आत गेले होते, दसऱ्यापासून सवय लागलीय. तो माझ्या तळपायांतून वर आला. माझ्या कानात शिरला तेव्हा मला तो आधीच माहीत होता.

दर्शनाने इंजिन बंद केलं तरी फरशी जरा वेळ थरथरत होती. मी पोरीला म्हटलं, माझ्या बहिणीला हा ऐकू येईल. तिने हातमोजे काढले, नखात काळं होतं, माझ्या पातळाला पुसलं. म्हणाली, गाडी प्रदर्शनाला जायच्या आधी शनिवारी एकदा परत तापवून बोल्ट आवळायचे आहेत.

तू शनिवारच्या आत रेल्वेत बसून ये. गुडघ्यांचं आपण बघू. तुला काही ऐकायचं नाही, फक्त चपला काढून उभी राहा.

बकुळा